सूक्ष्मजीवांचा पत्ता मिलिमीटरमध्ये शोधायचा

तळ्याच्या काठचा ओला चिखल सुरीने उभा कापला, तर कापल्या बाजूवर थर स्पष्ट दिसतात. वर तपकिरी पापुद्रा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचा. त्याखाली करडा पट्टा आणि मग काळाभोर, सडक्या अंड्याचा वास मारणारा चिखल. हा काळा चिखल उकरून हवेत ठेवला, तर काही तासांतच त्याचा पृष्ठभाग तपकिरी पडू लागतो.

तपकिरी पापुद्रा जिथे संपतो, तिथे प्राणवायूची हद्द संपते. पाण्यात प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. वरच्या थरातले जिवाणू तो येईल तसा वापरून टाकतात, खालच्यांपर्यंत काही पोचतच नाही. दोन मिलिमीटर हे अंतर आपल्याला किरकोळ वाटतं. पण दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या जिवाणूसाठी ते त्याच्या अंगाच्या हजार पट आहे. माणसाच्या उंचीच्या हिशेबात पावणेदोन किलोमीटर. या अंतरात हवामान पूर्ण बदलतं. वरच्या थरातले कित्येक जीव खाली गुदमरतात, आणि खालच्या कित्येकांना वरचा प्राणवायू विषासारखा मारतो.

म्हणून ‘हा जिवाणू तळ्यात राहतो’ एवढ्यावर थांबलं, तर पत्ता अर्धवट राहतो. पूर्ण पत्त्यासाठी तीन गोष्टी विचाराव्या लागतात: तो खातो काय, श्वास कशावर घेतो, आणि किती उष्णता, मीठ, आम्ल सोसतो. सूक्ष्मजीवांची अफाट विविधता या तीन प्रश्नांच्या धाग्याने बरीचशी उलगडते. लॅटिन नावांची यादी पाठ करून तसं होत नाही.

कोण कोण आहेत

सूक्ष्मजीव हे एका कुळाचं नाव नाही. डोळ्यांना दिसत नाहीत, एवढ्याच कारणाने आपण त्यांना एकत्र बांधलं आहे. त्यात जिवाणू आहेत आणि दिसायला त्यांच्यासारखे, पण वंशाने निराळे असलेले आर्किया आहेत. किण्व (यीस्ट), बऱ्याच बुरशा, एकपेशीय शैवाल, अमीबासारखे आदिजीव हेही आहेत. यांच्या पेशीत आपल्यासारखंच पडद्यात गुंडाळलेलं केंद्रक असतं. विषाणूंना सजीव म्हणायचं की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी त्यांना वगळून चालत नाही. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण १ ते १० लाख जिवाणू असतात, आणि विषाणू बहुधा त्यांच्या दहापट.

आर्किया वेगळे आहेत हे १९७७ पर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतल्या रायबोसोमचा आरएनए वेगवेगळ्या जीवांत ताडून पाहिला. रायबोसोम म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र. ते प्रत्येक पेशीत असतं आणि पिढ्यान् पिढ्या फार सावकाश बदलतं. त्यामुळे दोन जीव किती दूरचे नातेवाईक आहेत, हे त्यावरून मोजता येतं. मिथेन बनवणारे ‘जिवाणू’ या मोजणीत जिवाणूंपासून इतके दूर निघाले की त्यांना वेगळी शाखा द्यावी लागली. त्यांच्या पेशीपटलातल्या मेदाचे रासायनिक दुवेही वेगळे असतात. ते उष्णतेत आणि आम्लात सहज तुटत नाहीत. त्यामुळे बरीच वर्षं समज असा होता की आर्किया फक्त उकळत्या झऱ्यांत आणि मिठागरांत राहतात. १९९२ मध्ये ते साध्या समुद्रपाण्यात सापडले. २००५ मध्ये तर सिएटलच्या एका मत्स्यालयातल्या टाकीतून अमोनियावर जगणारा आर्किया वेगळा काढून वाढवला गेला. माणसाला रोग देणारा म्हणून निर्विवाद सिद्ध झालेला एकही आर्किया अजून सापडलेला नाही.

आकारातला फरकही जागेशी जोडलेला आहे. समुद्रातला प्रोक्लोरोकॉकस हा प्रकाशावर जगणारा जिवाणू सुमारे ०.६ मायक्रॉनचा. इतका लहान असणं त्याच्या फायद्याचं आहे, कारण मोकळ्या समुद्रात पोषकद्रव्यं अतिशय विरळ असतात आणि पेशी लहान असली की आकारमानाच्या मानाने शोषणारा पृष्ठभाग जास्त मिळतो. याउलट नामिबियाच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर १९९७ मध्ये सापडलेला थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढतो आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याच्या पेशीचा जवळजवळ सगळा भाग म्हणजे नायट्रेट साठवलेली एक पिशवी. त्याचं अन्न, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, चिखलात असतं; श्वासासाठी लागणारं नायट्रेट वरच्या पाण्यात. वादळाने चिखल ढवळला गेला की तो नायट्रेट भरून घेतो आणि पुढची संधी येईपर्यंत त्यावर काढतो. पाणबुड्या जसा श्वास भरून खाली जातो, तसंच हे. त्याच वंशातला, २०२२ मध्ये वर्णन झालेला, ग्वाडेलूप या कॅरिबियन बेटांवरच्या खारफुटीतला जिवाणू तर दोन सेंटिमीटरपर्यंत लांब आहे.

जेवण एक, श्वास सहा प्रकारचे

अन्न जाळलं की इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते कुठेतरी टाकावे लागतात. ते टाकून देणं म्हणजेच, सोप्या भाषेत, श्वसन. आपण ते प्राणवायूवर टाकतो, दुसरा मार्ग आपल्याला नाही. सूक्ष्मजीवांकडे बरेच मार्ग आहेत आणि त्यांचा एक ठरलेला उतार आहे. सगळ्यांत जास्त ऊर्जा प्राणवायूतून मिळते. तो संपला की नायट्रेट, मग मँगनीज, मग गंजाच्या रूपातलं लोह, मग सल्फेट आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड, ज्यापासून मिथेन बनतो. वरच्या पायरीचे जीव ऊर्जेच्या बळावर अन्न आधी पळवतात, त्यामुळे त्यांची पायरी चालू असते तिथे खालच्या पायरीचे फारसे टिकत नाहीत. चिखलातले रंगीत थर म्हणजे हाच उतार उभा मांडलेला. तपकिरी रंग गंजलेल्या लोहाचा. काळा रंग लोह आणि सल्फाइड एकत्र आल्याचा. तळातून येणारे बुडबुडे बहुतेक मिथेनचे.

गोड्या पाण्यात सल्फेट थोडं असतं, म्हणून तळ्यातल्या चिखलात काठी खुपसली की लगेच मिथेनचे बुडबुडे येतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे अडीच ग्रॅमहून जास्त सल्फेट असतं. तिथे सल्फेटवाले आधी जेवून घेतात आणि मिथेनवाल्यांची पाळी बरीच खोल गेल्यावर येते.

जेवणही सेंद्रियच हवं असं नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८८७ मध्ये बेगियाटोआ या पांढऱ्या, धाग्यासारख्या जिवाणूवर काम करताना दाखवलं, की तो हायड्रोजन सल्फाइड ‘खाऊन’ ऊर्जा मिळवतो. पुढे अमोनिया खाणारे सापडले, विरघळलेलं लोह खाणारे सापडले, नुसत्या हायड्रोजनवर जगणारेही सापडले. १९७७ मध्ये गालापागोसजवळ समुद्रतळाशी गरम पाण्याचे झरे पाहिले गेले. तिथल्या लांबलचक नळीकृमींना तोंडही नाही आणि आतडंही नाही. त्यांच्या अंगातले जिवाणू झऱ्यातल्या सल्फाइडवर अन्न तयार करतात आणि कृमी त्यावर पोसला जातो.

या उताराला वळसा घालणारे जीव मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतात. २०१२ मध्ये तारजिवाणूंचं वर्णन प्रसिद्ध झालं. हजारो पेशी टोकाला टोक लावून एक-दोन सेंटिमीटरचा धागा करतात. त्याचं खालचं टोक सल्फाइडमध्ये, वरचं टोक प्राणवायूत, आणि मधून विजेच्या तारेसारखे इलेक्ट्रॉन वाहतात. तळच्या पेशी जेवतात, वरच्या पेशी सगळ्यांच्या वतीने श्वास घेतात.

एका बाटलीत सगळे शेजारी

हे सगळं पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. विनोग्राडस्कींच्या नावानेच ओळखला जाणारा चिखलाचा स्तंभ कुणालाही लावता येतो.

सरळ भिंतीची, पारदर्शक, एक लिटरची, साधारण २५ सेंटिमीटर उंच बाटली घ्या. तळ्याच्या किंवा संथ ओढ्याच्या काठचा पाऊण लिटर चिखल आणि त्याच जागेचं थोडं पाणी आणा. वरचा पापुद्रा बाजूला सारून पाच-दहा सेंटिमीटर खालचा, काळपट चिखल निवडा. त्यात हवे असलेले जीव आधीच भरपूर असतात. काड्या, खडे, गोगलगायी काढून टाका. पाणी घालून चिखल इतका सैल करा की तो सावकाश ओतता येईल.

त्यातला ३०० मिलिलिटर चिखल वेगळा काढा. त्यात वर्तमानपत्राचं एक पान अगदी बारीक फाडून मिसळा. हे कार्बनचं अन्न. गंधकासाठी अर्ध्या उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा एक सपाट मोठा चमचा जिप्समची पूड घाला. दोन्ही घालायची गरज नाही. एक लहान चमचा कॅल्शियम कार्बोनेटची पूड घातली, तर आंबण्यातून तयार होणारं आम्ल शमतं. फळ्यावरचा खडू पुष्कळदा जिप्समचाच असतो, तो या कामाला उपयोगी नाही.

हे मिश्रण तळाशी आठ सेंटिमीटरपर्यंत भरा आणि काठीने हलकेच ठेचून हवेचे बुडबुडे काढा. त्यावर साधा चिखल दहा सेंटिमीटर. त्यावर तळ्याचं पाणी चार सेंटिमीटर. वर तीन सेंटिमीटर जागा मोकळी. तोंडावर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवून रबर लावा. झाकण घट्ट फिरवू नका. आत वायू तयार होत राहतो आणि काचेची बाटली फुटू शकते. बाटली खिडकीजवळ, भरपूर उजेडात पण थेट उन्हात नाही, अशी ठेवा. २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान चालतं. आणि एक दुसरी, अगदी अशीच बाटली भरून तिला काळा कागद गुंडाळून शेजारी ठेवा. तुलनेशिवाय पहिल्या बाटलीचा अर्थ लागत नाही.

पहिल्या आठवड्यात बुडबुडे येतात आणि पाणी गढूळ होतं. आंबवणारे जिवाणू कागद आणि बलक मोडून आम्लं आणि हायड्रोजन तयार करत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तळ काळा पडतो. सल्फेटवर श्वास घेणारे कामाला लागले. त्यांनी सोडलेलं हायड्रोजन सल्फाइड वर चढू लागतं, आणि वरून प्राणवायू खाली उतरत असतो. या दोघांच्या मधल्या प्रदेशात, उजेडाच्या बाजूच्या काचेला चिकटून, चौथ्या ते आठव्या आठवड्यात रंग उमटतात. सगळ्यांत खाली शेवाळी हिरवे डाग: हिरवे गंधक-जिवाणू, जे सल्फाइडची बरीच मात्रा सोसतात. त्यांच्यावर जांभळे-लालसर डाग: जांभळे गंधक-जिवाणू, सल्फाइड थोडं कमी लागणारे. त्याहून वर गंजासारखे नारिंगी पट्टे. पाण्याच्या आणि चिखलाच्या सीमेवर कधीकधी बेगियाटोआची पांढरी जाळी दिसते. पाण्यात नील-हरित जिवाणू आणि शैवाल.

हिरवे आणि जांभळे दोघेही प्रकाशसंश्लेषण करतात, पण झाडांसारखा प्राणवायू सोडत नाहीत. झाडं पाणी फोडतात, हे सल्फाइड फोडतात आणि मागे गंधक उरतं. वर पसरलेल्या शैवालाने दृश्य प्रकाशाचा मोठा भाग शोषला, तरी त्यांचं अडत नाही. त्यांची रंगद्रव्यं आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपतात. एकाच उजेडाची अशी वाटणी झाल्यामुळे दोघं एकावर एक राहू शकतात.

काळ्या कागदातल्या बाटलीत तळ काळा पडतो, पण हिरवा-जांभळा रंग येत नाही. सल्फेटवाल्यांना उजेडाशी देणंघेणं नसतं, हे तिथे समोर दिसतं.

बाटली बिघडते तेव्हा

सगळी बाटली वरपासून खालपर्यंत काळी झाली, तर बलक जास्त पडला. सल्फाइड इतकं झालं की ते वापरणाऱ्यांनाही सोसवलं नाही. नवी बाटली लावा आणि बलक निम्मा करा. आठ आठवड्यांनंतरही रंग नाहीत, तर बहुधा उजेड कमी आहे किंवा चिखल फार वाळूचा आहे. वाळूच्या कणांमधून पाणी आणि प्राणवायू सहज खेळतात आणि उतार बनतच नाही. पाणी गर्द हिरवं, पण चिखलात काही नाही, असं झालं तर ऊन थेट लागतंय. ऊन लागलेली बंद बाटली आतून ४० अंशांच्या वरही जाऊ शकते. वरच्या पाण्यावर पांढरी बुरशी धरली, तर कागदाचे तुकडे तळाशी न राहता वर तरंगले आहेत, चिमट्याने काढा.

चिखल मधोमध फाटून वर उचलला जाणं ही सर्रास होणारी गोष्ट आहे. कागद जास्त झाला की वायू जास्त होतो. तारेने भोक पाडून वायू काढायचा मोह होतो, तो टाळा. त्या भोकातून प्राणवायू आत शिरतो आणि जमत आलेले थर विस्कटतात. चिखल बहुतेक वेळा आपोआप खाली बसतो.

पाणी आटलं तर नळाचं ताजं पाणी घालू नका, त्यातलं क्लोरीन याच जीवांना मारण्यासाठी असतं. तळ्याचं पाणी जपून ठेवलेलं उत्तम. बाटली हवेशीर जागी उघडा. सल्फाइडचा वास येईनासा झाला म्हणून वायू गेला असं समजू नका. त्याची मात्रा वाढली की नाक बधिर होतं. हाताळताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि प्रयोग संपला की चिखल बाहेर मातीत पुरून टाका.

टोकाच्या जागा

या जागांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, म्हणून इथे थोडक्यात. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक यांनी मिळवलेला थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू सुमारे ७० अंशांत जोमाने वाढतो. त्याच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) डीएनएच्या प्रती वाढवणारी पीसीआर चाचणी सोपी झाली. वाढीचा वरचा नोंदलेला टप्पा १२२ अंशांचा आहे, समुद्रतळाच्या दाबाखाली वाढवलेल्या मिथेनोपायरस या आर्कियाचा. ८० अंशांखाली तो वाढतच नाही. त्याच्या दृष्टीने आपली खोली म्हणजे गारठलेलं ओसाड. आम्लाच्या टोकाला पिक्रोफिलस हा आर्किया, ज्याला ०.७ च्या आसपासचा सामू (पीएच) सर्वांत मानवतो. आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत, २.८ किलोमीटर खोल खडकाच्या भेगेतल्या पाण्यात, जवळजवळ एकाच जातीचा जिवाणू सापडला. खडकातल्या किरणोत्सर्गाने पाणी फुटून हायड्रोजन सुटतो, त्यावर तो जगतो. सूर्याशी त्याचा संबंध नाही.

रोजच्या जगण्यात जास्त उपयोगी मर्यादा पाण्याच्या उपलब्धतेची आहे. शुद्ध पाण्याला १ धरलं, तर बहुतेक जिवाणूंना किमान ०.९१ लागतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस ०.८६ पर्यंत तग धरतो. मिठाच्या संपृक्त द्रावणात ही उपलब्धता ०.७५ असते, मधात ०.६ च्या आसपास. ०.६१ च्या खाली वाढणारे जीव जवळजवळ नाहीत. मधात पाणी आहे, पण ते साखरेने धरून ठेवलेलं आहे, म्हणून मध टिकतो. त्यात ओलसर चमचा बुडवला की वरचा थर पातळ होतो आणि नेमका तिथूनच तो आंबायला लागतो. इथेही पत्ता मिलिमीटरचाच.

अंगातल्या जागा

शेंगवर्गीय झाडाचं मूळ अलगद उपटा, पाण्यात धुवा आणि मुळावरची गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी-लाल दिसली, तर गाठ नत्र बांधते आहे. पांढरी असेल तर कोवळी किंवा निकामी, हिरवट असेल तर म्हातारी. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. कारण असं, की हवेतला नत्र फोडणारं विकर प्राणवायूने बिघडतं, पण गाठीतल्या रायझोबियम जिवाणूला जगायला प्राणवायू तर हवाच. लेगहिमोग्लोबिन तो घट्ट धरून थेंबाथेंबाने पुरवतं. झाडाने जिवाणूसाठी एवढा नेमका पत्ता बांधून दिला आहे, याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

वाळवीचं आतडं काही मिलिमीटरचंच असतं, तरी त्याच्या भिंतीलगत प्राणवायू असतो आणि मध्यभागी नसतो. माणसाच्या तोंडातही तेच. दाताच्या उघड्या पृष्ठभागावर एक वस्ती, जिभेवर दुसरी, आणि हिरडी व दात यांच्या फटीत प्राणवायू टाळणारी तिसरी. दातावरच्या चिकट थरात साखर गेली की तिथल्या तिथे आम्ल होतं, सामू ५.५ च्या आसपास खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. चूळ भरून तोंडाचा सामू लगेच सुधारतो, पण त्या थराच्या आतला नाही, कारण लाळ आत सावकाश झिरपते. म्हणून थर घासूनच काढावा लागतो. प्रौढ माणसाच्या अंगात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, स्वतःच्या पेशींच्या साधारण बरोबरीने. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात.

मोजताना कुठे फसायला होतं

मातीतले जिवाणू मोजायची जुनी पद्धत विरलनाची. १० ग्रॅम माती ९० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात जोरात हलवायची, त्यातलं १ मिलिलिटर पुढच्या ९ मिलिलिटरमध्ये, असं दहा-दहा पटीने पातळ करत जायचं आणि शेवटी ०.१ मिलिलिटर पोषक जेलीच्या थाळीवर पसरायचं. एक लाख पट पातळ केलेल्या पाण्यातून ८४ ठिपके उगवले, तर ८४ गुणिले एक लाख गुणिले दहा, म्हणजे ग्रॅममागे ८ कोटी ४० लाख. ३० पेक्षा कमी ठिपके असतील तर योगायोगाचा वाटा फार, ३०० च्या वर असतील तर ठिपके एकमेकांत मिसळतात. दोन्ही थाळ्या बाद. सर्वांत जास्त चुका होतात त्या प्रत्येक पायरीला पिपेट न बदलल्याने. आधीच्या दाट पाण्याचा एक थेंब पुढचा सगळा हिशेब फुगवतो.

आता तीच माती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर ठिपक्यांच्या शंभरपट पेशी दिसतात. उरलेले उगवत का नाहीत? बऱ्याच जणांचा पत्ता थाळीत नसतो. जेली फार पोटभरीची असते, तापमान वेगळं असतं, प्राणवायू नको तिथे असतो किंवा शेजारी नसतो. शेजाऱ्याचं महत्त्व १९६७ मध्ये नाट्यमय रीतीने कळलं. अल्कोहोलपासून मिथेन बनवणारा एक जीव वर्षानुवर्षं शुद्ध समजून वाढवला जात होता. ते दोन जीव निघाले. एक अल्कोहोल मोडून हायड्रोजन सोडतो, आणि दुसरा तो हायड्रोजन लगेच उचलून मिथेन बनवतो. हायड्रोजन साचला तर पहिल्याचं काम थांबतं. पहिल्याला एकट्याने अल्कोहोलवर वाढवता येत नव्हतं, याचं कारण तेच.

म्हणून आज माती, पाणी किंवा विष्ठेतून थेट डीएनए काढतात आणि रायबोसोमच्या १६एस जनुकाच्या सुमारे १,५०० अक्षरांपैकी ठरावीक तुकडे वाचतात. पद्धत जबरदस्त आहे, पण तिचेही खड्डे आहेत. मेलेल्या पेशींचा डीएनए जिवंतांसोबत मोजला जातो. एका पेशीत या जनुकाची एकच प्रत असेल असं नाही, आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूमध्ये सात असतात, त्यामुळे तो आहे त्याहून जास्त दिसतो. आणि खडक, हवा किंवा शुद्ध पाणी यांसारख्या विरळ नमुन्यांत, डीएनए काढायच्या रसायनांतच असलेले परके जिवाणू निकालात शिरतात. नमुना न घालता केलेली एक कोरी चाचणी प्रत्येक वेळी सोबत चालवायलाच हवी. ती नसेल, तर विरळ नमुन्याच्या यादीवर मी विश्वास ठेवणार नाही.

सगळ्यांत जास्त माहिती मात्र नमुना उचलतानाच हरवते. चमचाभर चिखल बरणीत टाकून हलवला, की तपकिरी आणि काळा थर एक झाले. पुढे कितीही महागडं यंत्र वापरलं तरी ते वेगळे होत नाहीत. टोक कापलेली रुंद सिरिंज चिखलात सरळ खुपसा, दट्ट्या स्थिर धरून नळी खाली ढकला, वर काढा, मग दट्ट्या दाबून पाच-पाच मिलिमीटरच्या चकत्या कापा. प्रत्येक चकती वेगळ्या, काठोकाठ भरलेल्या नळीत ठेवा, म्हणजे आत हवा उरत नाही. नळीवर लगेच, पेन्सिलीने, खोली मिलिमीटरमध्ये लिहा; शाई ओलाव्याने आणि अल्कोहोलने पुसते. सोबत तापमान, सामू, रंग, वास, वर किती पाणी होतं, ऊन होतं की सावली, आणि वेळ. नमुना त्याच दिवशी तपासायचा असेल तर बर्फावर ४ अंशांत ठेवा, डीएनएसाठी असेल तर शक्य तितक्या लवकर उणे ८० अंशांत गोठवा. जिवंत वाढवायचा असेल तर गोठवू नका. बर्फाच्या स्फटिकांनी बऱ्याच पेशी फुटतात.